काजळाला डिंकाचे पांघरूण

अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आपणां वैदर्भीयांना परके नाही. १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि पुढे शतकानुशतके महानुभावांच्या मठांतून पोथ्या लिहिल्या गेल्या. पण आज ग्रंथांविषयी नव्हे, जुन्या पोथ्यांच्या काळ्या शाईविषयी बोलावयाचे आहे.

दिव्याचे काजळ धरावे, त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घालावे आणि पुष्कळ घोटावे, ही आपल्याकडची जुनी रीत. आता गंमत बघा. नुसते काजळ पाण्यावर टाकले तर ते तरंगत राहते. मग डिंकाने असे काय केले? घोटताना काजळाचे गोळे फुटतात आणि सुट्या कणांवर डिंकाचा लेप बसतो. लेपाचा एक भाग कणाला धरून राहतो, दुसरा पाण्याकडे ओढ घेतो. काजळ साखरेसारखे विरघळत नाही. त्याचे कण पाण्यात नुसते वेगळे राहतात. हा एकेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान!

१८५७ मध्ये लंडनला मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे असेच सूक्ष्म कण पाण्यात राखले. पाणी माणकासारखे लाल दिसे. मीठ पडताच निळे होई, कारण कण एकत्र येत. जिलेटिनसारखा पदार्थ आधी घातला तर हे किती टळते, ते रिचर्ड झिग्मोंडी यांनी पुढे मोजून दाखविले. १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांचेच.

आपले रक्तही खारटच, नाही का? म्हणून शरीरात सोडावयाच्या कणांना लेप हवाच. २००९ साली अमेरिकेत मान्य झालेले फेरुमॉक्सिटॉल हे औषध पाहा. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात लोह कमी पडलेल्यांना ते शिरेतून देतात. लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर शर्करेच्या साखळ्यांचे पांघरूण असते. त्यामुळे कण पाण्यात राहतात आणि लोह एकदम मोकळे होत नाही. तरी पांघरूण म्हणजे अभय नव्हे. काहींना या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली आणि २०१५ मध्ये त्यावर ठळक इशारा छापावा लागला.

शिक्षकबंधूंनी दोन पेल्यांत हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा: एकात नुसते काजळ, दुसऱ्यात डिंकाच्या पाण्यात घोटलेले. आणि घरी जुनी पोथी असेल तर ती ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. ज्या डिंकाने अक्षर धरून ठेवले, तो पाणी लागताच पुन्हा सुटतो. मग अक्षरही जाते.