चेहरा न सोलणारा लेझर: बारामतीपासून बॉस्टनपर्यंतची गोष्ट

आजचा विषय तुमच्या फोनवर रोज जाहिरात होऊन येत असणार. ‘लेझर करा, सुट्टी नको, पट्टी नको, त्वचा पुन्हा तरुण.’ यामागे जे तंत्र असतं त्याला नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह लेझर म्हणतात. अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे त्वचेचा वरचा थर उडवून टाकणारा. नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे वरचा थर जागेवर ठेवून आतल्या थराला उष्णता देणारा.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. त्यामुळे करा की करू नका, हे मी सांगणार नाही. पण या मशीनचा इतिहास वाचायला घेतला आणि एक गोष्ट लक्षात आली. लेझर चेहऱ्यावर मारणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते उष्णता वेळेवर थांबवणं. आणि या थांबवण्याच्या हिशेबात आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेचा नंबर बराच उशिरा लागला.

तर सुरुवातीपासून बघू. लेझरचं बीज १९१७ सालच्या आइनस्टाइनच्या एका लेखात आहे. पण प्रत्यक्ष लेझर चमकला १६ मे १९६० रोजी, कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये. थिओडोर मेमन यांनी एका छोट्या माणकाच्या कांडीभोवती फोटोग्राफीचा गुंडाळीदार फ्लॅशलॅम्प लावला आणि त्यातून ६९४ नॅनोमीटरचा लालभडक किरण काढला. याचं करायचं काय, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं.

सिनसिनाटीच्या एका त्वचारोगतज्ज्ञाला मात्र उत्सुकता होती. लिऑन गोल्डमन त्यांचं नाव. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी हा किरण त्वचेवर टाकून पाहिला. त्यांना दिसलं ते महत्त्वाचं होतं: जिथे रंग गडद, तिथे इजा जास्त. काळा शर्ट घालून उन्हात उभं राहिल्यासारखं. त्वचेतलं मेलॅनिन हा प्रकाश आधी पकडतं आणि तापतं. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट वळते आपल्या बारामतीकडे! कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, ते १९५८ साली पदवी घेऊन बाहेर पडले. मग स्टॅनफर्डला पीएचडी, मग अमेरिकेतली बेल लॅब्ज. तिथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. पाणी हा प्रकाश गटकन पिऊन टाकतं. आणि त्वचेत पाणी भरपूर. हा लेझर पडला की पेशींमधल्या पाण्याची वाफ होते आणि थर उडतो. कारखान्यात पत्रा कापणारा हा लेझर म्हणूनच ऑपरेशन थिएटरमध्येही पोचला.

पण कापणं वेगळं आणि चेहरा गुळगुळीत करणं वेगळं. मधल्या काळात जन्मखुणांवर, म्हणजे चेहऱ्यावरच्या लालसर-जांभळ्या डागांवर, आर्गन लेझर वापरत होते. डाग फिका व्हायचा, पण उष्णता आजूबाजूला पसरून बऱ्याचदा व्रण राहायचा.

उत्तर आलं १९८३ साली बॉस्टनहून. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. ती समजायला स्वयंपाकघरात चला. आजी तव्यावरची पोळी चिमट्याशिवाय, नुसत्या बोटांनी उलटते. बोट भाजत नाही, कारण स्पर्श इतका झटपट असतो की उष्णता आत शिरायच्या आत बोट बाहेर. लेझरचंही तसंच. ज्या गोष्टीला तापवायचं, तिला आवडेल असा रंग निवडा. आणि ती गोष्ट थंड व्हायला जितका वेळ घेते, त्यापेक्षा कमी वेळ प्रकाश टाका. मग फक्त तीच तापते, शेजारी वाचतात. त्वचेच्या लेझरचं आजचं जग या कल्पनेवर उभं आहे.

१९९०च्या दशकात याच हिशेबाने झटपट झटके देणारे कार्बन डायऑक्साइड लेझर सुरकुत्यांवर वापरात आले. परिणाम जोरदार. पण किंमतही तशीच: चेहरा कच्चा, आठवडेच्या आठवडे लाली, संसर्गाची भीती. सावळ्या त्वचेवर तर काळे डाग पडायचा धोका मोठा.

मग डॉक्टरांनी प्रश्न उलटा केला. वरचा थर काढायलाच हवा का? सुरकुतीचा खरा मामला खालच्या थरातल्या कोलॅजनचा. त्याला थोडी इजा दिली की शरीर दुरुस्तीला लागतं आणि पुढच्या काही महिन्यांत नवं कोलॅजन तयार करतं. म्हणून १३२०, १४५० आणि १५४० नॅनोमीटरचे लेझर आले. ते मेलॅनिनला फारसं विचारत नाहीत, खोलवरच्या पाण्याला तापवतात. आणि वरचा थर भाजू नये म्हणून लेझर पडायच्या क्षणभर आधी त्यावर थंड फवारा. जखम उघडी नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिस. फक्त फरक बेताचाच पडायचा.

म्हणजे एकीकडे जबरदस्त परिणाम आणि जबरदस्त त्रास, दुसरीकडे त्रास नाही आणि परिणामही जेमतेम. ही कोंडी फोडली २००४ साली डिटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आमच्या कामात नवं व्हर्जन टाकताना सगळे सर्व्हर एकदम बंद करत नाहीत. थोडे बंद, बाकीचे चालू, म्हणून साइट पडत नाही. यांनी त्वचेवर तेच केलं. सुमारे १०० मायक्रॉन रुंदीचे, म्हणजे साधारण केसाएवढे, असंख्य ठिपके तापवायचे आणि मधली त्वचा तशीच सोडायची. न भाजलेले शेजारी धावून येतात आणि वरचा थर साधारण दिवसभरात भरून निघतो. याला फ्रॅक्शनल लेझर म्हणतात.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: या पद्धतीचं गाजलेलं मशीन १५५० नॅनोमीटरचं, अर्बियम मिसळलेल्या काचेच्या फायबरवर चालणारं. हा एपिसोड समुद्राखालच्या ज्या केबलमधून फिरतो, तिथेही प्रकाश याच पट्ट्यातला असतो आणि त्याला बळ देणारं फायबरही अर्बियमचंच!

आता मघाचा मुद्दा, रंगाचा. त्वचेचे प्रकार मोजायला जगभर फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी वापरतात. १९७५ साली ती बनली तेव्हा गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. भारतात मोठी संख्या चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. म्हणजे आपण जगात इतके, पण पट्टीवर मागाहून आलेले.

१५५० चा लेझर मेलॅनिनवर थेट हल्ला करत नाही, हे खरं. पण आपली त्वचा कुठल्याही जळजळीला जास्त रंग बनवून उत्तर देते. पिंपल गेल्यावर काळा डाग राहतो ना, तसंच. म्हणून जाणते डॉक्टर सावळ्या त्वचेवर ठिपके विरळ ठेवतात, जोर कमी ठेवतात, दोन बैठकींत अंतर जास्त ठेवतात.

गेल्या वर्षी आतेबहिणीचं लग्न ठरलं. एका ठिकाणी तिला ‘ब्रायडल लेझर पॅकेज’ सांगितलं, शेवटची बैठक हळदीच्या चार दिवस आधी. मी फोनवर विचारलं, लेझर कुठला, किती नॅनोमीटरचा? उत्तर आलं, “सर, लेटेस्ट मशीन आहे.” ताईने ते पॅकेज घेतलं नाही. नंतर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला कानामागे आधी एक छोटा ठिपका करून पाहायला सांगितलं, आणि लग्नाआधी इतके कमी दिवस असताना चेहऱ्यावर काहीच नको म्हणाल्या.

तेव्हा जाहिरातीवर टॅप करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. लेझर कुठला आणि तरंगलांबी किती? माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही तो किती वापरलाय? आणि आधी छोट्या जागेवर करून बघणार का? साठ वर्षांत लोकांनी चटके खाऊन हे प्रश्न मिळवलेत. आपल्याला ते फुकट मिळतायत, तर विचारायला लाजू नका.

चला, पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सनस्क्रीन लावा, काळजी घ्या!