अर्ध्या घटकेचा इतिहास

मराठी भाषेने घटिकापात्र अजून मोडीत काढलेले नाही. लग्नघटका समीप येते, माणूस अखेरच्या घटका मोजतो. तळाशी बारीक छिद्र असलेले ते भांडे पाण्यात बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. तिचा साठावा भाग म्हणजे पळ. ही घटका त्या त्या गावाची असे. शेजारच्या गावाशी ती जुळवण्याचे कारण नव्हते.

ते कारण रेल्वेने आणले. एकेरी लोहमार्गावर दोन स्थानकांची घड्याळे भिन्न चालली, तर समोरासमोर टक्कर संभवते. म्हणून १८७० च्या सुमारास भारतीय रेल्वेगाड्यांसाठी मद्रासच्या वेधशाळेची वेळ प्रमाण मानली गेली आणि ती तारायंत्राने स्थानकोस्थानी पोहोचू लागली. १८८० च्या दशकात भंडारा जिल्ह्यात लोहमार्ग आला. वरठीचे स्थानक आजही 'भंडारा रोड' म्हणून ओळखले जाते. रेखांशाच्या एका अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने भंडाऱ्याचा सूर्य मद्रासच्या मागे जेमतेम सहा पळे होता. मुंबईचा मात्र सुमारे अर्धा तास.

१ जानेवारी १९०६ रोजी साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईला ३९ मिनिटे पुढे सरकावे लागणार होते. सूर्याच्या हिशेबाने कामाची पाळी तेवढी लवकर सुरू होणार, म्हणून गिरणी कामगारांनी विरोध केला. शहरात 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. भंडाऱ्याच्या वाट्याला साडेअकरा मिनिटे आली, म्हणजे जवळजवळ अर्धी घटका. प्रमाणवेळेच्या इतिहासात मुंबईच्या ३९ मिनिटांचा गाजावाजा आहे. या अर्ध्या घटकेला तिथे ओळही मिळत नाही. कलह झाला तेथे कागद उरतात. पण कागद नाही म्हणून संमती होती, असे आम्हांस म्हणवत नाही.

तारायंत्राचे ते काम आज 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल' करतो. डेव्हिड मिल्स यांनी तो १९८५ मध्ये मांडला. संगणकातील स्फटिकाचे घड्याळ हळूहळू चुकत जाते. ते सर्व्हरला वेळ विचारते, प्रश्न जाऊन उत्तर येण्यास लागलेला विलंब मोजते, त्याचा निम्मा भाग हिशेबात धरून आपली चूक ठरवते. चूक थोडी असेल तर घड्याळ एकदम उडी घेत नाही. गती किंचित कमीजास्त करून ती भरून काढते, कारण वेळ मागे गेली तर नोंदींचा क्रमच उलटेल. कोणाचा अर्ज आधी आला, हे त्या क्रमावरच ठरते. २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी संगणकीय घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले.

मद्रासची जागा दिल्लीने घेतली. यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागाचीही चूक टिपते. भंडाऱ्याचा सूर्य मात्र सरासरीने बारा वाजून अकरा मिनिटांनंतरच माथ्यावर येतो. ही अर्धी घटका कोणत्याही संगणकाच्या लेखी चूक नाही. म्हणूनच तिची नोंद इतिहासाने ठेवायला हवी, असे आम्हांस वाटते.