शोपाँचे अर्धे चित्र

तैलचित्रासमोर उभे राहिले की चेहरा हुबेहूब उतरला आहे की नाही, हे आपण आधी पाहतो. रंग कसा लावला आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच चित्रकारांत मोठा वाद होता तो यावरच. अँग्रच्या मते कुंचल्याची खूण दिसता कामा नये. त्याने १८३२ साली केलेले बेर्तँ या वृत्तपत्रमालकाचे व्यक्तिचित्र पाहा. एकही फटकारा डोळ्यांत भरत नाही. रोमँटिक पंथाच्या देलाक्र्वाला मात्र फटकारा लपवायचा नव्हता.

१८३८ साली त्याने आपला मित्र, संगीतकार शोपाँ याचे चित्र करायला घेतले. शोपाँ पियानोपाशी आणि मागे लेखिका जॉर्ज साँद ऐकत बसलेली, अशी योजना होती. रंगाच्या ट्यूबा तेव्हा नव्हत्या. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने त्यांचे पेटंट घेतले ते १८४१ मध्ये. तोवर तेलात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळे. टोचून भोक पाडायचे आणि हवा तेवढा रंग पिळून घ्यायचा. भोक नीट बुजत नसे, मग उरलेला रंग वाळू लागे.

कॅनव्हासवर मात्र तेलरंग सावकाश वाळतो. खालचा थर ओला असतानाच वरचा चढवला, तर कडा एकमेकींत विरघळतात. शोपाँच्या चेहऱ्यावर हेच दिसते. कपाळावर आणि नाकावर उजेडाचा दाट रंग आहे, सावल्या तपकिरी आहेत, कोट तर चार फटकाऱ्यांत सोडून दिलेला. चेहरा स्थिर नाही. मनात काहीतरी चालू आहे, असे वाटते. गुळगुळीत रंगात ही अस्वस्थता मावली नसती.

चित्र पुरे झालेच नाही. शोपाँ १८४९ मध्ये गेला. त्याच्या अंत्ययात्रेत देलाक्र्वा होता. १८६३ मध्ये देलाक्र्वाही गेला, तोवर चित्र त्याच्याच स्टुडिओत होते. पुढे कुणीतरी ते कापून त्याचे दोन तुकडे केले. दोन चित्रांचे जास्त पैसे येतील, असा हिशेब असावा. आज शोपाँ पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे आणि साँद कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रपगार्ड संग्रहालयात.

दोन्ही चेहरे शाबूत आहेत; त्यामुळे नुकसान झाले असे चटकन वाटत नाही. पण देलाक्र्वाला दोन चेहरे नव्हे, एकाचे वाजवणे आणि दुसरीचे ऐकणे रंगवायचे होते. सुरी फिरली ती नेमकी त्या दोहोंच्या मधून.