सिगारेटच्या पाकिटातील चित्रकार्डे : एक टिपण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी कागदी पाकिटांतून विकल्या जात. त्या मोडू नयेत म्हणून पाकिटात जाड कागदाचा एक तुकडा घालीत. हा कोरा तुकडा पुढे चित्रांकित होऊन जाहिरातीचे साधन झाला. कला व व्यापार ह्यांच्या संबंधांवर त्याने पडणारा प्रकाश दाखविणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१८८१ मध्ये जेम्स बॉन्सॅक ह्यास सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. यंत्राने वाढलेला माल खपविण्यासाठी कंपन्यांत चुरस लागली. रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये जगज्जेत्या खेळाडूंची ५० कार्डांची माला काढली. तीत बेसबॉलपटू व मुष्टियोद्धे ह्यांच्यासमवेत नेमबाज ॲनी ओकली हीही होती. कार्डाच्या पाठीवर मालेतील सर्व नावांची यादी असे. आपल्यापाशी कोणते कार्ड नाही, हे ग्राहकास तीवरून कळे. छपाई न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लॉज ह्या शिळाछापखान्याची. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. मुखावरील छायाप्रकाश बारीक ठिपक्यांनी साधावा लागे. पावणेतीन इंच उंचीच्या कार्डावर हे साधणे सोपे नव्हते. तथापि कार्डावर कंपनीचे नाव आढळते, चित्रकाराचे नाही.

ह्या चित्रांस समाजाचा आरसा मानणे मात्र धोक्याचे आहे. १८८८ मध्ये ह्याच कंपनीने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतील नामांकित सरदारांची माला काढली. तीत अपाची जमातीचा जेरोनिमो आहे. १८८६ मध्ये शरण आलेला हा योद्धा त्या वेळी सरकारचा युद्धकैदी होता व १९०९ मध्ये मृत्यू येईपर्यंत कैदीच राहिला. कार्डावर त्याची मुद्रा आहे, त्याची कैद नाही. काय होते, ह्यापेक्षा काय विकले जाई, ह्याचाच हा पुरावा होय.

१८९० मध्ये ॲलन अँड गिंटरसह पाच प्रमुख कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्या. चुरस ओसरली, तसा कार्डांचा पहिला बहरही ओसरला. कारागिरांचे कौशल्य लोपले नव्हते. त्याची गरज सरली होती.

पुढे जेफर्सन बर्डिक ह्या संग्राहकाने अशा छापील वस्तूंचा तीन लाखांहून मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिला. ज्या कारागिरांची नावे कार्डांवर आली नाहीत, त्यांचे काम तेथे अभ्यासकांसाठी जपलेले आहे.