मेद आणि सुरी

इ. स. ९५६ साली स्पेनच्या उत्तरेकडील लेऑनच्या गादीवर सांचो नावाचा राजा बसला. इतिहासाने त्याला ‘सांचो लठ्ठ’ हे एकच बिरुद दिले आणि ते आजतागायत त्याला चिकटून आहे. परंपरा सांगते की, त्याला घोड्यावर चढता येत नसे आणि आधारावाचून चार पावलेही टाकता येत नसत. ज्या काळात राजाने सैन्याच्या पुढे घोडा घालायचा असे, त्या काळात ही गोष्ट केवळ थट्टेची नव्हती. सरदारांनी ९५८ मध्ये त्याला पदच्युत केले आणि ओर्दोन्योला राज्य दिले.

सांचोची आजी म्हणजे नव्हाराची वृद्ध राणी तोदा. बाई मोठी धोरणी. तिने थेट शत्रूकडे, कॉर्डोव्याचा खलिफा तिसरा अब्द अल्-रहमान याच्याकडे, नातवासाठी वैद्य मागितला. खलिफाने आपल्या दरबारातील ज्यू वैद्य व मुत्सद्दी हस्दाई इब्न शाप्रूत याला पाठवले. त्याने रोगी पाहिला आणि अट घातली, की उपचार कॉर्डोव्यातच होतील. आजी, नातू आणि लवाजमा दक्षिणेला निघाला. ख्रिस्ती राजघराण्याने खलिफाच्या दारात येऊन उभे राहावे, ही त्या औषधाची पहिली किंमत होती. दुसरी किंमत सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या रूपाने द्यायची होती. सांचो बारीक झाला, खलिफाचे सैन्य घेऊन परत आला आणि ९६० मध्ये त्याने लेऑन परत मिळवले.

उपचार काय केला? सांपिरो नावाच्या बखरकाराने एका वनस्पतीचा उल्लेख करून विषय संपवला आहे. पुढच्या कथाकारांचे एवढ्याने समाधान होईना. त्यांनी सांचोचे ओठ शिवले, त्याला नळीने काढे पाजले, बांधून ठेवले, सक्तीने चालवले. ही भर कोणी केव्हा घातली, हा वाद बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की लठ्ठ माणसाला बरे करायचे म्हणजे त्याचे तोंड शिवायचे, ही कल्पना लोकांना अगदी स्वाभाविक वाटली. आणि ती दहाव्या शतकातच राहिली असेही नाही. इसवी सनाच्या १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडातील डॉक्टरांनी रोग्यांचे जबडे तारेने बांधून त्यांना दूधावर ठेवले होते. तार असेपर्यंत वजन उतरे. तार काढली की बहुतेकांचे ते परत चढे.

आपल्याकडच्या वैद्यांनी या रोगाचा विचार अधिक खोलात जाऊन केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ म्हणून प्रसिद्ध आहे. फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, केसच नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश अशी आठ प्रकारची शरीरे त्यात निंद्य म्हणून सांगितली आहेत. (गोरेपणाचाही अतिरेक निंद्य ठरवणारा हा ग्रंथ आपल्या वधूवरांच्या जाहिराती देणाऱ्यांनी एकदा चाळावा.) लठ्ठपणाच्या कारणांत जड व गोड आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, एवढेच काय, सदा आनंदात असणे आणि चिंता नसणे हेही येते, पण त्याच यादीत ‘बीजस्वभाव’ही आहे, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. पुढे ग्रंथकार म्हणतो की, मेदाने मार्ग अडवल्यामुळे वायू कोठ्यातच फिरतो, जठराग्नी भडकवतो, आणि म्हणून लठ्ठाला भूक अधिक लागते. याच कारणाने कृशापेक्षा स्थूलाची चिकित्सा अवघड मानली आहे. औषध म्हणून जव, मूग, कुळीथ, ताक, मध असे पदार्थ येतात: पोटाला जड, पण पोषणाला हलके. शरीरशास्त्र जुने आहे. पण निरीक्षण असे, की खाण्यामुळे मेद वाढतो तसा मेदामुळे भूकही वाढते, आणि तिचा दोष सर्वस्वी खाणाऱ्याचा नसतो.

सुरीचा प्रवेश पुष्कळ उशिरा झाला. रोमन लेखक प्लिनी याने लुसिअस अप्रोनिअस या माजी कॉन्सलच्या मुलाची चरबी काढून टाकल्याचे नमूद केले आहे. पण चरबी काढणे म्हणजे गळत्या छपराखालचे पाणी पुसण्यासारखे. गळती तशीच राहते. अन्नाचा मार्गच बदलावा, ही कल्पना विसाव्या शतकाची. १९५४ साली मिनेसोटातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा वरचा अर्धा भाग काढला तर प्राण्याचे वजन फारसे घटत नाही. खालचा अर्धा काढला तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि वजन उतरते, असे त्यांना आढळले. लवकरच हा प्रयोग माणसावर झाला. लहान आतड्याचा आरंभ आणि शेवट जोडून मधला लांबलचक भाग वाटेतून वगळायचा, म्हणजे खाल्लेले अन्न अंगी लागणार नाही.

कल्पना मोहक होती. खा, पण लागू देऊ नका! लॉस एंजेलिसचे पेन आणि डी-विंड यांनी १९५६ पासून दहा रोग्यांत लहान आतड्याचा आरंभ थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. वजन उतरले की जोड सोडवून आतडे पूर्ववत करायचे, असा बेत होता. वजन उतरले खरे. पण जुलाब आणि क्षारांचा ऱ्हास असा, की रोगी मेटाकुटीस आले. आणि जोड सोडवताच वजन परत आले. या शस्त्रक्रियांच्या इतिहासातला हा पहिला मोठा धडा. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. उपचार तात्पुरता असला तर त्याचे फळही तात्पुरतेच राहते.

मग त्यांनी जोड थोडी अलीकडे आणली. आरंभीचे १४ इंच आतडे शेवटच्या ४ इंचांना जोडायचे. वीस-बावीस फुटांच्या आतड्यापैकी अठरा इंच कामाला ठेवायचे! १९६९ नंतर ही शस्त्रक्रिया अमेरिकेत हजारोंनी करून घेतली, आणि हळूहळू तिची दुसरी बाजू दिसू लागली. न पचलेले स्निग्ध पदार्थ आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवत. मग एरवी कॅल्शियमबरोबर बाहेर जाणारे ऑक्झलेट मोकळे होऊन रक्तात शिरे आणि मूत्रपिंडात खडे होत. वगळलेल्या आंधळ्या आतड्यात जंतू माजत. त्यांच्या विषाने सांधे सुजत, यकृत बिघडे, काही रोगी यकृत निकामी होऊन दगावले. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली आणि अनेकांची आतडी पुन्हा उघडून पूर्ववत करावी लागली. तिच्या कीर्तीने पुढच्या सर्व शस्त्रक्रियांवर दीर्घकाळ सावली टाकली. शल्यविशारदांनी रोग्याला टेबलावरून उतरवले की आपले काम संपले असे मानले, हे या प्रकरणातले खरे पाप, असे माझे मत आहे. आतडे जोडायला काही तास पुरतात. त्याचे परिणाम दिसायला दहा वर्षे लागतात.

हे ओळखणारा गृहस्थ आयोवा विद्यापीठात होता. एडवर्ड मेसन याचा जन्म १९२० चा. व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या स्त्रिया नंतर बारीकच राहतात, वजन वाढवू म्हटले तरी वाढत नाही, ही तेव्हा शल्यविशारदांना ठाऊक असलेली तक्रार. मेसनने तक्रारीचाच उपचार केला. १९६६ साली त्याने चिकाशी इतो या सहकाऱ्याबरोबर जठर आडवे विभागून वरचा लहान कप्पा आतड्याला जोडला आणि १९६७ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. यात काही काढून टाकायचे नव्हते. मोठा कप्पा केवळ वाटेबाहेर राहायचा. १९७७ साली केंटकीच्या ग्रिफेनने, लोझानच्या सेझार रू याने एकोणिसाव्या शतकात शोधलेली इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी तिला लावली, त्यामुळे पित्त वर येण्याचा त्रास टळला. मेसन मात्र स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या प्रेमात राहिला नाही. जीवनसत्त्वे कमी पडतात हे पाहून त्याने आतड्याला हात न लावणारी, जठराला पट्टी बसवणारी पद्धत काढली. आणि १९८६ मध्ये अशा रोग्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारी वहीच सुरू केली. मला ही वही त्याच्या सुरीपेक्षा मोठी वाटते. तो वयाची शंभर वर्षे पुरी करून २०२० च्या डिसेंबरात वारला.

पुढचा इतिहास जलद आहे. १९९४ साली सॅन डिएगोच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करून दाखवली. हातभर चिरा गेला, बोटभर छिद्रे आली. फुगवता येणारे पट्टे आले आणि बरेचसे गेले. जठराची उभी नळी करून बाकीचा भाग काढून टाकणारी ‘स्लीव्ह’, जी मुळात एका मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी होती, ती एकटीच पुरते असे दिसले आणि आज जगात सर्वांत जास्त तीच होते.

याच काळात एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. उत्तर कॅरोलिनाच्या पोरीस याने १९९५ मध्ये चौदा वर्षांचा हिशेब मांडला. मधुमेही रोग्यांपैकी दर शंभरांत ऐंशीहून अधिकांची साखर ताळ्यावर आली होती, आणि तीही वजन उतरण्याच्या आधीच, थोड्या दिवसांत. म्हणजे केवळ पोट लहान झाल्याचा हा परिणाम नव्हे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून स्रवणारे भूक चेतवणारे द्रव्य सापडले. त्याला ‘घ्रेलिन’ नाव पडले. माणूस उपाशी राहून बारीक झाला तर ते वाढते, म्हणजे शरीर हरवलेल्या वजनाची मागणी करू लागते. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, तेच त्याचे मुख्य उगमस्थान. उलट अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचले की तृप्तीचा निरोप देणारी द्रव्ये वाढतात. अलीकडची वजन उतरवणारी इंजेक्शने त्यांपैकीच एकाच्या नमुन्यावर बेतली आहेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ माणसांचा माग ठेवला होता. २००७ मध्ये त्याचे फळ आले: शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी.

मग कोणावर करावी? १९९१ मध्ये अमेरिकेत ठरले की उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखा रोग सोबत असेल तर ३५ च्या वर असावा. हे माप गोऱ्यांच्या अंगाचे. ते आपल्याला लागू नाही हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्राने दाखवले. शेजारी शेजारी उभे ते आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही निर्देशांक २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्या सडपातळ दिसणाऱ्या माणसांना मधुमेह का होतो, याचे उत्तर या चित्रात आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मापे खाली आणली. आशियाई लोकांसाठी विचाराची रेषा २७.५ वर आली.

आता ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला काय काय करावे लागते ते पाहिले, की वरच्या सगळ्या इतिहासाचा अर्क त्यात उतरलेला दिसतो. आधी सुमारे दोन आठवडे अगदी थोड्या कॅलरींचा, पिष्ट कमी असलेला आहार. त्याचा हेतू वजन उतरवण्याहून यकृत आकसवण्याचा असतो. लठ्ठ माणसाचे यकृत मेदाने फुगलेले असते, त्याचा डावा खंड नेमका जठरावर पसरलेला, आणि दुर्बिणीला वाट हवी असते. तंबाखू बंद, कारण जोड भरून येत नाही आणि तिथे व्रण होतो. घोरणाऱ्याच्या झोपेची तपासणी, रक्तातील लोह व जीवनसत्त्वांची मोजणी, आणि मनाचे डॉक्टर. शेवटच्या नावाला आपली माणसे बिचकतात. पण दुःख झाले की खाणाऱ्या माणसाचे जठर लहान केल्यावर त्या दुःखाने जायचे कुठे, हे आधीच विचारलेले बरे.

शस्त्रक्रियेच्याच दिवशी रोग्याला चालवतात. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा मोठा धोका. मग घोटाघोटाने पाणी, वरणाचे पाणी, ताक. पुढे घोटलेले, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्याने साधे अन्न. जेवताना पाणी नाही. प्रथिने आधी, भात नंतर. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात आणि बायका घाबरतात. बहुधा ते परत येतात. फार ओकाऱ्या होत असतील तर मात्र थांबू नये. थायमिन कमी पडून मेंदूला इजा होते. मूल हवे असेल तर वर्ष-दीड वर्ष धीर धरायचा. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व आयुष्यभर. सहाव्या महिन्यात कपडे सैल होतात, लोक तोंडभर स्तुती करतात आणि गोळ्या बंद होतात. डॉक्टरांच्या नोंदवहीतून नाव गळते तेही याच सुमारास.

मार्गबदलाच्या शस्त्रक्रियेत आणखी एक गंमत. जठराचा दरवाजा वाटेतून गेलेला असतो, त्यामुळे गोड पदार्थ धाडकन आतड्यात उतरतो, पाणी ओढून घेतो, आणि माणसाला घाम फुटतो, छाती धडधडते, आडवे व्हावेसे वाटते. त्यामुळे दिवाळीच्या दिवसांत अशा माणसाच्या घरी मोठा पेच पडतो. बेसनाचे ताट पुढे करून “एकच घे, माझ्यासाठी” म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते. तिला घ्रेलिन सांगता येत नाही. सुनेने ताटलीत अर्धी चकली आणि वाटीभर ताक आधीच वाढून ठेवले, तर आत्याही समजते, आणि तो अर्धी चकली चावून चावून अर्धा तास खात बसतो.