नामयाची जनी : एका नावाआडचे अनेक आवाज

१/ परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड हे तालुक्याचे गाव आहे. परंपरेनुसार संत जनाबाईंचा जन्म येथला. त्यांच्या नावावर आज सुमारे ३५० अभंग छापले जातात. हे सारे अभंग एकाच स्त्रीचे आहेत काय? नसतील, तर त्यांत आपले शब्द मिसळणारे कोण होते? आवडत्या कादंबरीतील पात्रांवर रात्री जागून फॅनफिक्शन लिहिणाऱ्या आजच्या पिढीला हा प्रश्न परका वाटणार नाही. (थ्रेड)

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे आणि त्यांचे विश्व घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथा म्हणजे फॅनफिक्शन. तिचा आधुनिक इतिहास बहुधा १९६७ पासून सांगतात. त्या वर्षी ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले. पुढे २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा चाहत्यांच्या लेखनाचा संग्रह खुला झाला आणि २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

३/ कृती मात्र या नावाहून फार जुनी आहे. १६१४ मध्ये स्पेनमध्ये कोणी एकाने ‘आवेयानेदा’ हे टोपणनाव घेऊन ‘डॉन किहोते’चा दुसरा भाग परस्पर छापला. मूळ लेखक सर्व्हान्टेस संतापला. १६१५ मध्ये त्याने स्वतःचा दुसरा भाग आणला आणि त्यातच त्या तोतया पुस्तकाची खिल्ली उडवली. भांडण होते मालकीचे. मराठीत हीच कृती वेगळ्या वाटेने गेली. ती वाट गंगाखेडहून निघते.

४/ परंपरा सांगते ती कथा अशी. दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि त्या घरची दासी झाली. दामाशेटींचा मुलगा म्हणजे संत नामदेव. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नरसी हेही १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या : जनीचा दिवस यातच जाई.

५/ तिच्या अभंगांतही हाच दिवस आहे, फक्त त्यात एक माणूस जास्त आहे. विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो, तिच्या डोक्यातल्या उवाही काढतो. पुराणांत युद्धे आहेत, वरदाने आहेत, अवतार आहेत; पण देव पहाटे कोणाच्या घरी दळतो, याची नोंद नाही. जनीने नेमकी तीच रिकामी जागा हेरली.

६/ अद्भुताचे लेखन करू पाहणाऱ्यांनी येथे थांबून पाहावे. जनी पात्राचा स्वभाव मोडत नाही. पुंडलिकासाठी विटेवर तिष्ठणारा देव ही कथा लोकांच्या मनात आधीच रुजलेली होती. भक्तासाठी जो उभा राहतो, तो भक्तासाठी दळूही शकेल. मूळ कथेतला धागा तोच राहिला, फक्त एक पाऊल पुढे ओढला गेला. म्हणूनच एवढी अद्भुत कल्पना ऐकणाऱ्याला खोटी वाटली नाही.

७/ दुसरी गोष्ट तपशिलांची. चमत्कार मोठा असला, तरी त्याच्या भोवतालची प्रत्येक वस्तू ओळखीची आहे : जाते, सूप, केरसुणी, रांजण. जनीचा देव सिंहासनावर बसून कृपा करत नाही. घाम येईपर्यंत काम करतो. जिच्या कष्टांकडे घरातले कोणी पाहत नव्हते, तिच्या कष्टांत जगाचा धनी सहभागी झाला. दासीने रचलेल्या या प्रसंगात तिच्या काळाच्या समाजाबद्दलचे एक कठोर विधान आहे.

८/ जनाबाईंच्या नावावर काही आख्यानेही आहेत. त्यांपैकी ‘थाळीपाक’ महाभारताच्या वनपर्वातील प्रसंगावर आहे. दुर्वास ऋषी दहा हजार शिष्यांसह पांडवांच्या दारी येतात. सूर्याने दिलेली थाळी द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच अन्न देई, आणि तिचे जेवण तर झालेले. कृष्ण येतो, थाळीला चिकटलेले भाजीचे पान खातो आणि तिकडे नदीवर सर्वांची पोटे भरतात. स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीच्या नावावर नेमकी रिकाम्या भांड्याची कथा असावी, हे अर्थपूर्ण आहे.

९/ या कथेची पुढची हकिकत अधिक विलक्षण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अनेक हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर दुर्वासांच्या भेटीचा हा प्रसंग संपादकांनी मुख्य संहितेतून काढला आणि परिशिष्टात ठेवला. म्हणजे ज्या प्रसंगावर जनीच्या नावाचे आख्यान उभे आहे, तो प्रसंगही आधीच्या कोणा अनामिकाने महाभारतात घातलेला होता.

१०/ विद्वान अशा भरीला ‘प्रक्षेप’ म्हणतात. शब्दात किंचित दूषण आहे. परंतु लोकांच्या मनातून हा प्रसंग काढणे कोणाला जमलेले नाही. कीर्तनात तो आजही रंगतो. मूळ संहिता कोणती हे शोधणे इतिहासकाराचे काम आहेच. लोकांनी त्या संहितेत काय भरले आणि का भरले, हे शोधणेही त्याचेच काम आहे.

११/ साखळी पुढेही चालू राहिली. जनाबाईंच्या थाळीपाकाने आणि द्रौपदी-स्वयंवराने मुक्तेश्वरांना स्फूर्ती दिली, असे मराठी वाङ्मयाच्या परंपरेत सांगितले जाते. मुक्तेश्वर हे संत एकनाथांच्या मुलीचे पुत्र. त्यांच्या मराठी महाभारताची पाच पर्वे आज उपलब्ध आहेत. एका दासीच्या नावावरील रचना पंडित कवीच्या महाकाव्यामागे उभी राहते, ही नोंद मराठी वाङ्मयात ठळकपणे घ्यावी अशी आहे.

१२/ पण सर्वांनाच ही भर मान्य होती असे नाही. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढल्या तीन शतकांत तिच्या प्रतींत पाठभेद फार शिरले. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला. त्या प्रतीच्या अखेरच्या ओव्यांत ताकीद आहे : जो या ग्रंथात आपली ओवी घुसडेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. अधिकृत कोणते आणि चाहत्यांचे कोणते, हा वाद मराठीत चारशे वर्षांहून जुना आहे.

१३/ त्याच एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ मात्र त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत त्यांनी ते नेले; पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा मानते. एका ग्रंथात भर घालणे पाप ठरले आणि दुसऱ्यात ती गुरुसेवा ठरली. फरक कशाचा? ज्ञानेश्वरी पूर्ण होती, तिला राखायचे होते. रामायण अपूर्ण होते, त्याला पुढे न्यायचे होते.

१४/ आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अभंगाच्या शेवटी कवीचे नाव गुंफलेले असते, तिला नाममुद्रा म्हणतात. ‘नामयाची जनी’, ‘दासी जनी’, ‘जनी म्हणे’ या जनाबाईंच्या मुद्रा. वरवर पाहता ही सही वाटते. पण ही सही कागदावर नव्हती. ती गळ्यांतून गळ्यांत गेली. अभंगाचा छंदही आवाक्यातला आहे : मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण. कान तयार असेल, तर अक्षरओळख नसतानाही तो रचता येतो.

१५/ नामदेवांच्या बाबतीत काय घडले ते अभ्यासकांनी दाखवले आहे. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी झाला. त्याने महाभारत मराठीत आणले. त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत इतके मिसळले, की दोघांना वेगळे करणे हा संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला. नामदेवांवरील २००८ च्या ग्रंथात ख्रिश्चन नॉव्हेत्झके यांनी असे मांडले आहे, की ‘नामा’ ही मुद्रा म्हणजे एका व्यक्तीची मालमत्ता नसून अनेकांनी मिळून चालवलेले कर्तृत्व होय.

१६/ ‘जनी’ या नावाचेही असेच झाले, असे मानण्यास जागा आहे. कबीर जनीला भेटायला आले आणि गोवऱ्यांवरून चाललेल्या भांडणात सापडले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. ज्या गोवरीतून ‘विठ्ठल’ ऐकू येईल ती जनीची, असा तिचा निवाडा. परंपरेनुसार जनाबाईंचे निधन १३५० चे; कबीर पंधराव्या शतकातले. इतिहासात ही भेट होऊ शकत नाही. चाहते आज ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात, तो प्रकार हाच.

१७/ ती कथा रचणाऱ्याला काळाचे गणित बहुधा महत्त्वाचे वाटले नसावे. त्याला प्रश्न पडला तो असा : काशीचा विणकर आणि पंढरीची दासी समोरासमोर आले, तर काय बोलतील? दोघेही कष्टकरी, दोघांचीही भक्ती कामाशी बांधलेली. तारीख चुकली, पण दोघांमधले नाते त्याने अचूक ओळखले. असे वाङ्मय जनीच्या काळाचा पुरावा म्हणून चालत नाही; पुढच्या काळाने जनीकडे कसे पाहिले, याचा तो उत्तम पुरावा आहे.

१८/ सर्वांत मोठा समुदाय मात्र जात्याभोवती होता. पहाटे दळताना बायका ओव्या रचत. त्यांत विठ्ठल घरधनी होतो, रुक्मिणी रुसते, जनीकडे का जाता म्हणून भांडते. हा संसार पुराणातला नाही. तो गावोगावच्या घरांतून उचललेला आहे. सवतीचा सल, नवऱ्याची उशिरा परतण्याची सवय, तोंडावर न बोलता येणारा राग : हे सारे रुक्मिणीच्या तोंडून बोलता आले. पात्र उसने होते, दुःख स्वतःचे होते.

१९/ हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील १,००० हून अधिक गावांतून १,००,००० हून अधिक ओव्या जमा झाल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावांतील ओव्याही त्यांत आहेत. या संग्रहाचे वेगळेपण असे, की ओवीसोबत गाणारीचे आणि तिच्या गावाचे नावही नोंदले गेले.

२०/ येथे एक आक्षेप रास्त आहे. भक्ताच्या दृष्टीने जनीचे अभंग हा अनुभव आहे; त्याला मनोरंजनाच्या लेखनाशेजारी बसवणे योग्य आहे काय? हे साम्य श्रद्धेचे नाही, लेखनव्यवहाराचे आहे. ऐकणाराच रचणारा होणे, रिकाम्या जागा भरणे, उसन्या नावाआडून बोलणे आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवणे, या चार गोष्टी दोन्हीकडे सापडतात. उद्देश मात्र भिन्न आहेत, आणि तो भेद पुसू नये.

२१/ या व्यवहाराला किंमत मोजावी लागली. ‘जनी’ या नावाने अनेक अनामिकांना वाङ्मयात प्रवेश मिळाला. दासीच्या नावाने बोलले, की कनिष्ठ जातीच्या किंवा परक्या घरात राबणाऱ्या बाईचे बोलणेही ऐकले जाई. पण आत आल्यावर तिचे स्वतःचे नाव दाराबाहेरच राहिले. गाथेतील कोणता अभंग कोणा दुसरीचा, हे आता सांगता येत नाही. ज्या नावाने आवाज दिला, त्याच नावाने ओळख गिळली.

२२/ म्हणून ‘खरी जनाबाई कोणती?’ या प्रश्नाला जोडूनच ‘जनी या नावाची गरज कोणाकोणाला पडली?’ हाही प्रश्न विचारावा. पहिल्याचे उत्तर हस्तलिखितांत शोधावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर कदाचित अजून घराघरांत जिवंत असेल. आजी, मावशी, शेजारची काकू यांना जनीची किंवा रुक्मिणीची एखादी ओवी येत असेल, तर ती लिहून घ्या. आणि ओवीखाली गाणारीचे पूर्ण नाव, गाव व तारीख न विसरता लिहा. (समाप्त)