सेंद्रिय शेती आणि शाश्वत शेती: दोन्ही एकच आहे का?

व्हॉट्सॲप ग्रुपवर गुळाच्या ढेपेचा फोटो येतो. खाली ओळ असते, '१०० टक्के सेंद्रिय, शाश्वत शेतीतून थेट तुमच्या घरी'. दर अर्थातच साध्या गुळापेक्षा जास्त. 'सेंद्रिय' आणि 'शाश्वत' हे शब्द असे जोडीनेच येत असल्यामुळे अनेकांना ते एकाच अर्थाचे वाटतात.

पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. शेतात काय वापरलं आणि काय वापरलं नाही, हे 'सेंद्रिय' सांगतं. ही शेती अजून किती वर्षं चालू शकेल, हा 'शाश्वत'चा प्रश्न आहे. धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात हा फरक चटकन लक्षात येतो.

सेंद्रिय म्हणजे नेमकं काय?

रासायनिक खतं, कृत्रिम कीटकनाशकं, तणनाशकं आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं न वापरता केलेली शेती म्हणजे सेंद्रिय शेती. त्यामुळे बीटी कापूस नुसत्या शेणखतावर वाढवला, तरी तो सेंद्रिय ठरत नाही.

मात्र सेंद्रिय म्हणजे 'फवारणीच नाही' असं नव्हे. निंबोळी अर्क चालतो. मोरचूद आणि चुन्यापासून केलेलं बोर्डो मिश्रणही मर्यादेत वापरता येतं. तेच वर्षानुवर्षं जास्त फवारलं, तर त्यातलं तांबं जमिनीत साचत जातं.

प्रमाणपत्र कसं मिळतं?

भारतात त्यासाठी दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली 'एनपीओपी', म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. 'अपेडा' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या देखरेखीखाली तो चालतो. मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. निर्यातीसाठी हाच मार्ग आहे.

दुसरी 'पीजीएस-इंडिया'. यात एकाच किंवा शेजारच्या गावांतले किमान ५ शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. खर्च कमी असल्याने छोट्या शेतकऱ्याला ही पद्धत परवडते.

रासायनिक शेती आज थांबवली म्हणून माल उद्या सेंद्रिय होत नाही. मधे रूपांतराचा काळ जावा लागतो. एनपीओपीमध्ये तो हंगामी पिकांसाठी साधारण २ वर्षं आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी ३ वर्षं असतो. शेतकऱ्याची खरी कसोटी याच काळात लागते. उत्पादन घटू शकतं, पण मालावर 'सेंद्रिय' लिहिता येत नसल्याने जास्तीचा भाव मिळत नाही.

मग शाश्वत म्हणजे काय?

पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला न घालता आजची गरज भागवणं, ही शाश्वत विकासाची सर्वपरिचित व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली आहे. शेतीला ती लावली, तर तीन प्रश्न उभे राहतात. जमिनीचा कस टिकतो का? पाणी पुरतं का? शेतकऱ्याचं घर त्यावर चालतं का?

यातल्या एकाचं उत्तर जरी 'नाही' असलं, तरी ती शेती शाश्वत नाही. अडचण अशी, की 'शाश्वत' या शब्दासाठी सेंद्रियसारखा सरकारी शिक्का भारतात नाही. त्यामुळे तो पाकिटावर कुणीही छापू शकतो.

ऊस सेंद्रिय असेल, पण शाश्वत?

धाराशिव जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६०० ते ८०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. उसाला वाढीच्या काळात साधारण १,५०० ते २,५०० मिमी पाणी लागतं. उरलेलं पाणी धरणातून, विहिरीतून किंवा बोअरमधून आणावं लागतं.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने युरियाचा दाणाही न टाकता ऊस वाढवला, पण खोल बोअरचं पाणी पाटाने मोकळं सोडलं. त्याच्या गुळाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकतं. बोअर आटल्यावर मात्र ती शेती थांबते. ठिबक लावलं तर पाणी बरंच वाचतं, तरी ऊस हे जास्त पाण्याचंच पीक राहतं.

उलट उदाहरणही आहे. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक, बांधबंदिस्ती, शेणखत आणि माती परीक्षण करून दिलेलं थोडं रासायनिक खत. हा माल सेंद्रिय नाही. तरीही अशी शेती त्या उसापेक्षा जास्त काळ टिकू शकते.

शेणखताचं गणित

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, म्हणजे एका टनात सुमारे ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ते २० किलोच्या वर असतं. एका गोणीची जागा घ्यायला साधारण ४ टन शेणखत लागतं. शेणखताने जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि ओल धरून ठेवण्याची ताकद वाढते, ते युरियाला जमत नाही. पण दावणीला जनावरंच नसतील, तर इतकं खत आणायचं कुठून?

'नेचर' या नियतकालिकात २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, पीक आणि परिस्थितीप्रमाणे सेंद्रिय शेतीचं उत्पादन नेहमीच्या शेतीपेक्षा ५ ते ३४ टक्के कमी येतं. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भात आणि चहाचं उत्पादन घसरलं आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

धाराशिवमधला एक एकर

धाराशिव आणि लातूर भागात 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था महिलांसोबत काम करते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून हे काम उभं राहिलं. दुष्काळाच्या वर्षांत त्यातून 'एक एकर' पद्धत पुढे आली. सातबारा बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असतो. म्हणून बाईने घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते स्वतः ठरवायचं.

या तुकड्यात कडधान्यं, ज्वारी-बाजरी, भाजीपाला अशी कमी पाण्याची अनेक पिकं घेतली जातात. गांडूळखत आणि घरचं बियाणं वापरून खर्च आटोक्यात ठेवला जातो. आधी घरचं ताट भरायचं आणि उरलं तर विकायचं. एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

इथे रसायनं कमी होतात. पण मुख्य उद्देश पाकिटावरचा शिक्का मिळवण्याचा नाही. दुष्काळातही घर आणि शेत तगावं, हा आहे.

विकत घेताना काय बघायचं?

• पाकीटबंद सेंद्रिय मालावर सेंद्रिय प्रमाणपत्राचा लोगो आणि एनपीओपी किंवा पीजीएसची खूण आहे का ते पाहा. २०१७ च्या नियमांनुसार विकणाऱ्याला 'सेंद्रिय' हा दावा सिद्ध करावा लागतो.

• वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकताना या प्रमाणपत्रातून सूट आहे. त्यामुळे लोगो नाही म्हणून तो फसवतो असं समजू नका. खत कोणतं, फवारणी कशाची, हे त्यालाच विचारा.

• 'केमिकल-फ्री', 'नॅचरल' किंवा 'गावरान' म्हणजे सेंद्रिय प्रमाणपत्र नव्हे.

• 'शाश्वत' लिहिलं असेल, तर पाणी कुठून येतं आणि त्या शेतात वर्षभरात कोणकोणती पिकं होतात, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.